अमेरिकेतल्या शाळेत ईएसएल शिकवायचंय? आधी लायसन, मग एन्डॉर्समेंट

अमेरिकेत येऊन स्थिरावलेल्या आणि पुन्हा शिकवायला लागावं असं वाटणाऱ्या मराठी मैत्रिणींकडून एक प्रश्न हमखास येतो. "अगं, माझं इंग्रजी चांगलं आहे, पुण्यात सात-आठ वर्षं शाळेत शिकवलंय. ईएसएलचं सर्टिफिकेट करून टाकलं की इथल्या शाळेत लागता येईल ना?" या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात: आपलं स्वतःचं इंग्रजी, शिक्षक म्हणून काम करण्याचा परवाना, आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना शिकवण्याची खास पात्रता. या तिन्ही वेगळ्या केल्या नाहीत तर पैसे भलत्याच कोर्समध्ये जातात आणि वर्षं वाया जातात. म्हणून हा सगळा प्रकार नीट उलगडून सांगते. उदाहरणासाठी इलिनॉय राज्य घेते. शिकागो आणि आजूबाजूच्या उपनगरांत आपली बरीच मंडळी आहेत, आणि तिथले नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत.

ईएसएल म्हणजे 'इंग्लिश ॲज अ सेकंड लँग्वेज', दुसरी भाषा म्हणून इंग्रजी: ज्या मुलांच्या घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जाते आणि ज्यांना शाळेतलं इंग्रजी अजून पुरेसं येत नाही, त्यांना मिळणारी मदत. अशा मुलांना सरकारी कागदांत 'इंग्लिश लर्नर' म्हणतात. त्यात मेक्सिकोतून आलेलं मूल असतं, युक्रेनमधून आलेलं असतं, आणि नाशिकहून गेल्या महिन्यात आई-बाबांबरोबर आलेली तिसरीतली मुलगीही असते. तिथेच जन्मलेली पण घरात आजी-आजोबांमुळे फक्त मराठी बोलणारी मुलंही बालवर्गात याच यादीत येतात.

लायसन आणि बॅज

महाराष्ट्रात रिक्षा चालवायची तर नुसतं गाडीचं लायसन पुरत नाही, त्यावर बॅज काढावा लागतो. लायसनच नसेल तर बॅज कुणी देत नाही. एन्डॉर्समेंटचं अगदी तसंच आहे. ती शिक्षकाच्या लायसनवर चढणारी नोंद आहे. प्राथमिकचं लायसन असलेल्या बाईंनी ईएसएलची एन्डॉर्समेंट घेतली की प्राथमिकच्या वर्गांत त्या इंग्लिश लर्नर मुलांच्या शिक्षिका म्हणून काम करू शकतात. मूळ लायसन ज्या इयत्तांचं, त्याच इयत्तांपुरती ही नोंद लागू होते.

इलिनॉयमध्ये शिक्षकाच्या पूर्ण लायसनला 'प्रोफेशनल एज्युकेटर लायसन' म्हणतात, बोलताना सगळे पीईएल म्हणतात. त्यासाठी पदवी लागते, राज्याने मान्य केलेला शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम लागतो, शाळेतल्या वर्गात प्रत्यक्ष शिकवण्याचा कालावधी लागतो आणि विषयाची परीक्षा लागते. पूर्वी यात गणित-वाचन-लेखनाची एक सामान्य परीक्षाही असे. ती २०१९ साली रद्द झाली. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून कुणी तिची तयारी करत असेल तर तो वेळ विषयाच्या परीक्षेला द्यावा.

आता त्या इंटरनेटवरच्या जाहिराती. '१२० तासांत ईएसएल शिक्षक व्हा' म्हणणारे टेफलचे (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचे) ऑनलाइन कोर्स स्वस्त असतात आणि दिसायला आकर्षक असतात. केंब्रिजचा सेल्टा त्या मानाने भारी, मेहनतीचा कोर्स आहे. प्रौढांचे वर्ग, खासगी क्लास, परदेशातल्या भाषाशाळा यांसाठी हे उपयोगी पडतात. पण अमेरिकेतल्या सरकारी शाळेत लायसनच्या जागी किंवा एन्डॉर्समेंटच्या जागी ते चालत नाहीत. हे आधी ठाऊक असेल तर कित्येकींचे पैसे वाचतील, म्हणून इतकं ठासून सांगते आहे.

हा नियम आला कुठून

ही अट म्हणजे नोकरशाहीने शिक्षकांच्या डोक्यावर ठेवलेलं आणखी एक ओझं असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. तिच्यामागे मुलांनी कोर्टात जाऊन मिळवलेला हक्क आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चिनी वंशाची सुमारे १,८०० मुलं अशी होती की ज्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि शाळेकडून कसलीही वेगळी मदत मिळत नव्हती. बाकी मुलांसारखीच पुस्तकं, तेच वर्ग, तेच शिक्षक. त्यांच्या पालकांनी लढलेला 'लाउ विरुद्ध निकोल्स' हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७४ साली न्यायालयाने एकमताने निकाल दिला. त्याचा गाभा असा की सगळ्यांना सारखी पुस्तकं आणि सारखे शिक्षक दिले म्हणजे सगळ्यांना सारखी वागणूक दिली असं होत नाही, कारण ज्याला इंग्रजीच कळत नाही त्याच्यापर्यंत त्यातलं शिक्षण पोचतच नाही. त्याला आधार होता १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा.

मग प्रश्न आला, मदत द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं? १९८१ साली टेक्साससंबंधीच्या 'कास्तान्येडा विरुद्ध पिकार्ड' या खटल्यात अपील न्यायालयाने तीन कसोट्या घालून दिल्या. शाळेचा कार्यक्रम शिक्षणशास्त्राच्या पायावर उभा असावा, तो राबवायला पुरेसे आणि प्रशिक्षित लोक असावेत, आणि काही काळाने त्याचा खरंच उपयोग होतो का हे तपासलं जावं. यातली दुसरी कसोटी आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. कार्यक्रम कागदावर आहे पण तो शिकवणाऱ्याला त्यातलं काही येत नाही, ही सबब चालेनाशी झाली. मग एखादा शिक्षक या कामासाठी प्रशिक्षित आहे हे दाखवायला राज्यांना काहीतरी मोजमाप लागलं. एन्डॉर्समेंट हे ते मोजमाप.

केंद्र सरकार मात्र शिक्षकाचं लायसन देत नाही. ते काम राज्यांचं. त्यामुळे हक्क देशभर एकच असला तरी शिक्षकाची पात्रता मोजायची पट्टी प्रत्येक राज्याची निराळी आहे.

राज्य बदललं की वाट बदलते

टेक्सासमध्ये शिक्षकाचं सर्टिफिकेट आधीपासून असेल तर ईएसएलची पुरवणी परीक्षा पास होऊन ती पात्रता जोडता येते, त्यासाठी वेगळे कोर्स करायलाच हवेत असं नाही. फ्लोरिडात उलट आहे. तिथे १९९० साली न्यायालयापुढे झालेल्या तडजोडीने सगळं बांधून ठेवलंय: पाच विषय, १५ सेमिस्टर क्रेडिट किंवा ३०० तासांचं सेवांतर्गत प्रशिक्षण. तिथे इंग्लिश लर्नर मुलांना भाषा आणि वाचन शिकवणाऱ्याला हे ३०० तास, गणित-विज्ञान-समाजशास्त्र शिकवणाऱ्याला ६०, आणि चित्रकला-व्यायाम वगैरे इतर विषयांच्या शिक्षकालाही १८ तास करावे लागतात. मला फ्लोरिडाची ही पद्धत विचारपूर्वक केलेली वाटते, कारण मूल फक्त इंग्रजीच्या तासाला इंग्रजी शिकत नाही. खेळाच्या मैदानावरच्या सूचनाही त्याला कळायला हव्यात.

मॅसॅच्युसेट्सने २०१२ पासून मुख्य विषय शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी इंग्लिश लर्नर मुलांना शिकवण्याची एन्डॉर्समेंट आवश्यक केली. कॅलिफोर्नियाने ती पात्रता शिक्षकाच्या मूळ प्रशिक्षणातच मिसळून टाकली आहे. न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या परिसरात मराठी वस्ती मोठी आहे, ईएसएल शिक्षकाचं सर्टिफिकेट स्वतंत्रच असतं आणि त्यासाठी उमेदवाराला इंग्रजी बोलण्याची आणि लिहिण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

म्हणून टेक्सासमधल्या वहिनींनी सांगितलेली पायरी न्यू जर्सीतल्या नणंदेला लागू पडेलच असं नाही. ज्या राज्यात शिकवायचं आहे त्या राज्याच्या शिक्षण विभागाचं संकेतस्थळ हाच पहिला आणि खरा आधार.

इलिनॉयची १८ क्रेडिट

इलिनॉयमध्ये ईएसएलच्या एन्डॉर्समेंटसाठी १८ सेमिस्टर क्रेडिट लागतात. एक कोर्स साधारण तीन क्रेडिटचा, म्हणजे सहा कोर्स. प्रत्येकात निदान 'सी' श्रेणी हवी आणि विद्यापीठ मान्यताप्राप्त हवं. नोकरी सांभाळून संध्याकाळी किंवा ऑनलाइन केले तर बहुतेकींना दीड-दोन वर्षं लागतात. अनेक शाळा-डिस्ट्रिक्ट (एका भागातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्था) विद्यापीठाशी ठरवून आपल्या शिक्षकांचा गट एकत्र पाठवतात आणि फीचा काही भाग उचलतात, त्यामुळे नोकरी असेल तर स्वतःच्या खिशातून भरण्याआधी ऑफिसात चौकशी जरूर करावी.

विषय ठरलेले आहेत: भाषाशास्त्र, ईएसएलची सैद्धांतिक बैठक, शिकवण्याच्या पद्धती आणि साहित्य, द्विभाषिक मुलांचं मूल्यमापन, आणि वेगवेगळ्या संस्कृतींचा अभ्यास. उरलेली क्रेडिट याच क्षेत्रातल्या ऐच्छिक विषयांची. नावं वाचून कंटाळवाणी वाटतील, पण प्रत्येकामागे वर्गातली एक खरी अडचण आहे.

भाषाशास्त्राचा कोर्स घ्या. यात इंग्रजीचे आणि इतर भाषांचे ध्वनी, वाक्यरचना हे सगळं येतं. मराठी घरातलं मूल 'वेस्ट' म्हणतं तेव्हा ते पश्चिम दिशा म्हणतंय की अंगात घालायचं बिनबाह्यांचं जाकीट, हे ऐकणाऱ्या अमेरिकन बाईंना कळत नाही, कारण आपण दोन्हीकडे एकच 'व' वापरतो आणि इंग्रजीत ते दोन निराळे ध्वनी आहेत. इंग्रजी 'थ'साठी जीभ दातांच्या मध्ये येते, आपला 'थ' वेगळाच. ऱ्हस्व-दीर्घ स्वरांत घोटाळा होऊन 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी एकसारखीच ऐकू येतात. आपल्याकडे 'अ', 'द' असली उपपदं नाहीत, म्हणून मूल नामाच्या आधी काहीच लावत नाही. हे ज्या शिक्षिकेला माहीत आहे ती म्हणते, 'हा मराठीचा परिणाम आहे, सरावाने जाईल.' जिला माहीत नाही, ती मुलाला उच्चारदोष आहे असं समजून वाचोपचार तज्ज्ञाकडे पाठवू शकते. आपल्यासारख्या दोन-तीन भाषांत वाढलेल्यांना या कोर्समध्ये मोठा फायदा होतो, कारण त्यातलं अर्धं आपण रोज जगत आलेलो असतो, फक्त त्याला नावं माहीत नसतात.

सैद्धांतिक बैठकीच्या कोर्समध्ये शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलेला भेद येतो, आणि माझ्या मते या सगळ्या १८ क्रेडिटमधली सर्वांत उपयोगाची एक कल्पना निवडायची तर हीच. मुलाचं इंग्रजी दोन प्रकारचं असतं. एक मधल्या सुट्टीतलं, खेळताना, डबा खाताना बोलायचं. ते साधारण दोन वर्षांत छान येतं. दुसरं अभ्यासाचं, पाठ्यपुस्तकातलं, परीक्षेतलं. त्याला पाच ते सात वर्षं लागू शकतात. पाहुण्यांसमोर फडाफड इंग्रजी बोलणारा मुलगा विज्ञानाच्या पेपरात मागे का पडतो, हे कोडं इथे सुटतं. आई-बाबा म्हणतात आळशी झालाय, शिक्षिका म्हणते लक्ष नाही. खरं तर तो पाच-सात वर्षांच्या प्रवासातल्या दुसऱ्या वर्षात असतो.

भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांचं काम याच कोर्समध्ये येतं. नव्या देशात आलेलं मूल सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिने, काहीच बोलत नाही. ते ऐकत असतं, साठवत असतं. त्या काळात त्याला उभं करून जबरदस्तीने बोलायला लावलं तर ते आणखी मिटतं. या मुलांसाठी शिक्षिकेने चित्रं दाखवून, हातवारे करून, सोप्या वाक्यांत, कळेल अशा रीतीने सतत बोलत राहायचं असतं.

एक गणित जवळून

पद्धती आणि साहित्य या कोर्समध्ये नेमकं काय शिकवतात, ते दुसरीतल्या एका गणितावरून दाखवते. रियाकडे १२ सफरचंदं आहेत आणि सॅमकडे ७. रियाकडे सॅमपेक्षा किती सफरचंदं जास्त आहेत? मराठीत विचारलं तर मुलगी क्षणात '५' म्हणते. हेच इंग्रजीत लिहिलं की तिला त्या वाक्यात 'मोर' एवढा एकच शब्द ओळखीचा दिसतो. मोर म्हणजे आणखी, आणखी म्हणजे बेरीज. ती १९ लिहिते. वहीवर लाल फुली पडते आणि तिच्या नावापुढे 'वजाबाकी कच्ची' अशी नोंद होते. वजाबाकी तिला उत्तम येते. तिला तुलनेचं इंग्रजी वाक्य येत नाही.

प्रशिक्षित शिक्षिका त्या धड्यासाठी दोन उद्दिष्टं लिहिते. एक गणिताचं: मुलं दोन संख्यांमधला फरक काढतील. दुसरं भाषेचं: मुलं 'अमक्याकडे तमक्यापेक्षा इतके जास्त' हे वाक्य इंग्रजीत बोलतील आणि लिहितील. मग ती ठोकळ्यांच्या दोन रांगा एकाखाली एक लावते. वरच्या रांगेचे जास्तीचे पाच ठोकळे बाजूला दिसतात. त्यांवर बोट ठेवून ती ते वाक्य म्हणते, मुलांकडून म्हणून घेते, वाक्याचा अर्धा भाग फळ्यावर छापून ठेवते आणि मोकळी जागा मुलांना भरायला देते. शेजारी बसलेली दुसरी मराठी मुलगी असेल तर दोघींना आधी मराठीत बोलून घ्यायला सांगते. गणित तेच राहतं, इयत्तेची पातळी तीच राहते, फक्त वाक्याच्या भिंतीला दार काढून दिलेलं असतं. दर धड्यात विषयाचं आणि भाषेचं उद्दिष्ट वेगवेगळं लिहिण्याची ही सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि माझ्या मते एन्डॉर्समेंटचा खरा अभ्यास हाच आहे.

मूल्यमापनाच्या कोर्समागे पुन्हा एक जुनी वेदना आहे. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं गेलं होतं. 'डायना' या नावाने ओळखला जाणारा तो खटला १९७० साली तडजोडीने मिटला आणि मुलाची चाचणी त्याच्या भाषेतही घ्यायला हवी हे मान्य झालं. भाषा येत नाही आणि समज कमी आहे, या दोन गोष्टींतला फरक ओळखणं हे या कोर्सचं मुख्य काम. सोबत 'ॲक्सेस' या वार्षिक परीक्षेची माहिती येते. ती विस्कॉन्सिन विद्यापीठाशी जोडलेल्या 'विडा' या संस्थेची आहे आणि इलिनॉयसह अनेक राज्यं ती वापरतात. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टी तपासतात. वाचन आणि लेखनाला प्रत्येकी ३५ टक्के वजन, ऐकणं आणि बोलणं यांना प्रत्येकी १५ टक्के. म्हणजे फाडफाड बोलता येणाऱ्या मुलाचाही एकूण गुण लिखाणामुळे खाली राहू शकतो. आता कमिन्स यांचं म्हणणं पुन्हा वाचून पाहा.

संस्कृतींच्या अभ्यासाबद्दल फार लिहीत नाही. मोठ्यांच्या नजरेला नजर न देणं हा आपल्याकडे आदर आणि तिथे लपवाछपवी समजली जाते, अशा गोष्टी त्यात येतात आणि आपल्याला त्या लवकर उमगतात.

वर्गातले १०० तास

नुसत्या कोर्सवर काम भागत नाही. इंग्लिश लर्नर मुलांबरोबर १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव किंवा त्याऐवजी अशा मुलांना तीन महिने शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. आधीच शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षिकेच्या वर्गात अशी मुलं असतातच, त्यामुळे तिचं काम मुख्याध्यापकांच्या पत्राने होऊ शकतं. बाहेरून येणाऱ्यांना विद्यापीठामार्फत शाळा शोधावी लागते, आणि ही शोधाशोध पहिल्या सेमिस्टरपासूनच सुरू केलेली बरी.

हे सगळं झालं की राज्य शिक्षण मंडळाच्या 'एलिस' या ऑनलाइन प्रणालीत खातं उघडून अर्ज करायचा. एन्डॉर्समेंटच्या अर्जाची फी ५० डॉलर. गुणपत्रकं विद्यापीठाकडून थेट मंडळाकडे जातात. लायसन पाच वर्षांचं असतं आणि नूतनीकरणासाठी त्या काळात साधारणपणे १२० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

द्विभाषिक एन्डॉर्समेंट ही वेगळी वाट

ईएसएलच्या शेजारीच एक द्विभाषिक एन्डॉर्समेंट असते. बरेच कोर्स सामाईक असतात, पण तिच्यासाठी दुसऱ्या भाषेची परीक्षा पास व्हावी लागते: त्या भाषेत वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं. हिची गरज का पडते? इलिनॉयच्या नियमाप्रमाणे एकाच शाळेत एकाच भाषेची २० किंवा अधिक इंग्लिश लर्नर मुलं असली की शाळेला त्या भाषेत द्विभाषिक शिक्षण द्यावं लागतं. त्याहून कमी असतील तर मुख्यतः ईएसएलवर भर देणारा कार्यक्रम चालतो. उपनगरांतल्या काही शाळांत भारतीय भाषा बोलणारी मुलं इतकी वाढली आहेत की हा २० चा आकडा एखाद्या भारतीय भाषेसाठी गाठला जाणं अशक्य राहिलेलं नाही.

ज्यांच्याकडे पदवी आहे पण अमेरिकन शिक्षक-प्रशिक्षण नाही, त्यांच्यासाठी इथे एक दार आहे. इलिनॉय अटींसह दिलं जाणारं एक लायसन देतं, ज्यावर द्विभाषिक शिक्षक म्हणून काम सुरू करता येतं. त्यासाठी पदवी आणि भाषेच्या परीक्षा लागतात. कोणत्या भाषांच्या परीक्षा उपलब्ध आहेत ती यादी आधी बघावी. अनेक मराठी लोकांना हिंदी लिहिता-वाचता उत्तम येतं, तेही इथे कामाला येऊ शकतं.

आपल्या बी.एड.चं काय

महाराष्ट्रातलं बी.एड. वाया जात नाही, पण जसंच्या तसं चालतही नाही. आधी सगळ्या पदव्यांचं मूल्यांकन मंडळाने मान्य केलेल्या संस्थेकडून विषयवार करून घ्यावं लागतं. इथे गुंता होतो तो आपल्या तीन वर्षांच्या बी.ए., बी.एस्सी.चा. काही मूल्यांकनांत ती चार वर्षांच्या अमेरिकन पदवीइतकी धरत नाहीत. अशा वेळी बी.एड. किंवा एम.ए. जोडून हिशोब पूर्ण होऊ शकतो, म्हणून सगळी गुणपत्रकं, अगदी पहिल्या वर्षापासूनची, एकत्र द्यावीत. विद्यापीठाकडून सीलबंद प्रती मागवायला वेळ लागतो. भारतवारीत हे काम यादीत वरती ठेवा.

मूल्यांकनानंतर मंडळ काय कमी पडतंय ते कळवतं. सहसा वाचन शिकवण्याच्या पद्धती, विशेष गरजा असलेली मुलं, आणि इंग्लिश लर्नर मुलांना शिकवण्याचं तंत्र, असे कोर्स राहिलेले असतात. यातला शेवटचा कोर्स विचारपूर्वक निवडला तर तोच पुढे १८ क्रेडिटमध्येही धरता येतो का, हे विद्यापीठाच्या सल्लागाराला लेखी विचारून ठेवा.

आणि लायसन म्हणजे कामाचा परवाना नव्हे. एच-फोर व्हिसावर (एच-वनवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल तर ईएडी, म्हणजे नोकरी करण्याचं सरकारी परवानापत्र, हातात आल्याशिवाय पगाराची नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही विशिष्ट स्थितीतल्या एच-फोर जोडीदारांना ते मिळतं. कोर्स मात्र त्याआधीही करता येतात, आणि थांबण्याची ती वर्षं क्रेडिट जमवण्यात घालवणाऱ्या कितीतरी जणी पुढे सरळ वर्गात उभ्या राहतात.

लगेच शाळेत पाऊल टाकायचं असेल आणि कामाची परवानगी हातात असेल तर पदवीधरांसाठी सब्स्टिट्यूट लायसन आहे, आणि मदतनीस शिक्षिकेचं पॅराप्रोफेशनल लायसनही आहे. पगार कमी असतो, पण अमेरिकन वर्ग आतून बघायला मिळतो, मुख्याध्यापकांची ओळख होते.

तुम्ही पालक असाल तर

शाळेत नाव घालताना एक छोटा फॉर्म भरून घेतात. घरात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलतात का, आणि मूल दुसरी भाषा बोलतं का. काही आई-बाबा मूल मागे पडलंय असा शिक्का बसेल या भीतीने तिथे 'नाही' लिहितात. कृपा करून तसं करू नका. 'हो' लिहिल्याने फक्त चाचणी होते. मूल चाचणीत उत्तम निघालं तर ते नेहमीच्या वर्गातच राहतं. मदत लागणार असेल तर तुम्हाला पत्र येतं, आणि ती मदत नको असेल तर लेखी नकार द्यायचा अधिकारही तुम्हाला आहे. नकार दिला तरी दरवर्षीची ॲक्सेस परीक्षा मात्र द्यावीच लागते, त्यामुळे नकाराने मुलाची परीक्षा टळत नाही, फक्त मदत थांबते.

पत्र आलं की शाळेला विचारा: माझ्या मुलाला किती वेळ मदत मिळणार, वर्गातच की वेगळ्या खोलीत, आणि शिकवणाऱ्या बाईंकडे ईएसएलची एन्डॉर्समेंट आहे का? केंद्राचा टायटल वन निधी (गरीब घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळांना मिळणारी मदत) घेणाऱ्या शाळांत शिक्षकाची पात्रता विचारण्याचा हक्क कायद्यानेच पालकांना दिलेला आहे. इलिनॉयमध्ये तर 'एलिस'च्या सार्वजनिक शोधात शिक्षकाचं नाव घातलं की त्यांचं लायसन आणि त्यावरच्या एन्डॉर्समेंट दिसतात. त्यासाठी खातं उघडावं लागत नाही.